मंगळवारी अकरा ते बारा

चहाला चार मिनिटं जास्त लागली म्हणून फोरमनने सगळ्यांसमोर घड्याळ दाखवलं, आणि बाइंडरचं डोकं फिरलं. चार मिनिटं! एकोणीस वर्षं छापखान्यात पुस्तकं बांधणारा माणूस, भोंग्याला आत आणि भोंग्याला बाहेर, त्याला चार मिनिटं ऐकवायची? त्याच आठवड्यात त्याने राजीनामा दिला, जुन्या बाजारातून पुस्तकं दाबायचा एक लोखंडी शिकंजा उचलून आणला आणि घराच्या पुढच्या खोलीत स्वतःचं दुकान मांडलं. आता मालकही आपण आणि नोकरही आपणच.

"बघा हं," बायको म्हणाली, "दोघंही आळशी निघायचे."

तिची जीभ काही काळी नव्हती, पण झालं मात्र तसंच. पहिले तीन महिने हा गृहस्थ नऊला उठायचा. मग चहा, मग पेपर, मग खिडकीत उभं राहून खालच्या रस्त्यावर कोण कुठे चाललंय याची चौकशी. कामाला बसला तर बांधायला आलेलं पुस्तक वाचायला लागायचा. आता त्यालाही काय बोलावं? हजारो पुस्तकं हाताखालून गेली होती, पण एकाचीही गोष्ट ठाऊक नव्हती बिचाऱ्याला. गिऱ्हाईक आलं की ठरलेलं उत्तर, "उद्या नक्की." हा उद्या काही उजाडायचा नाही.

शेवटी वाचनालयाच्या बाई स्वतः जिने चढून आल्या. "चाळीस पुस्तकं दोन महिने तुमच्याकडे पडून आहेत," त्या म्हणाल्या. "फाटकी तर फाटकी, परत द्या. लोक निदान फाटकी तरी वाचतील." धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं त्याला. हातापाया पडून त्याने पंधरा दिवस मागून घेतले आणि कानाला खडा लावला.

पण या माणसाला मधला रस्ता म्हणून माहीत नाही. त्याने स्वतःसाठी एक हजेरीपट बांधला. साधासुधा नव्हे, लाल कापडाचा, कोपऱ्यांना चामडं, वर सोनेरी अक्षरं. सकाळी नऊ ते एक, दुपारी दोन ते सहा. नऊच्या ठोक्याला नोकर म्हणून निळ्या पेनाने सही करायची, मग उठून दुसऱ्या खुर्चीत बसायचं आणि मालक म्हणून लाल पेनाने सही करायची. तीनदा उशीर झाला तर अर्ध्या दिवसाची रजा कापायची. अहो, एकदा अंगात सणसणून ताप असताना पठ्ठ्याने स्वतःला रजेचा अर्ज लिहिला, आणि स्वतःच खाली शेरा मारला, "काम निकडीचे असल्याने नामंजूर." मग नाक ओढत दिवसभर शिलाई केली.

"तुमचा मालक फार खडूस आहे हो," बायको म्हणाली. "युनियन काढा."

हसण्यावारी न्या हवं तर, पण खरं ते सांगितलं पाहिजे. पुस्तकं वेळेवर जायला लागली. वाचनालयाच्या बाईंनी चाळीसांवर आणखी साठ दिली. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की तो घोरायला लागायचा, इतकं मन शांत. मग या पटाला वाईट कोणत्या तोंडाने म्हणणार?

पण घरात त्याचे वडीलही होते. वय एकाहत्तर, त्याच छापखान्यातून निवृत्त झालेले मशीनमन. उभं आयुष्य मशीनसमोर उभ्याने काढलं, ते आता गुडघे वसूल करत होते. घर दुसऱ्या मजल्यावर. रोज सकाळी खाली उतरून कोपऱ्यावरच्या बाकावर चार मित्रांशी तासभर भांडल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागायचं नाही. डॉक्टरांनी बजावलं, "आठवड्यातून दोनदा छातीभर पाण्यात चाला. नाहीतर वर्षअखेर जिना विसरा." जिना विसरा म्हणजे बाक विसरा, मित्र विसरा, चार भिंतींत बसा.

तरणतलावावर म्हाताऱ्यांची वेळ मंगळवारी आणि शुक्रवारी अकरा ते बारा. सत्तरीपुढच्या माणसाबरोबर घरचं कोणीतरी पाण्यात हवं, असा नियम. सून दिवसभर दवाखान्यात नोकरीला. उरला कोण?

"कामाची वेळ आहे बाबा," बाइंडर म्हणाला. "रविवारी जाऊ."

"रविवारी पोरं उड्या मारतात. मी बुडेन."

"मग बघू."

हे बघू महिनाभर चाललं. एका संध्याकाळी सून घरी येते तर सासरे मधल्या मजल्यावर पायरीवर बसलेले. अर्धा तास झाला होता. दुसऱ्या दिवशी ते खाली उतरलेच नाहीत, त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाहीत. मग मात्र ती कडाडली. "भोंग्याला कंटाळून घरी आलात, आणि घरातच भोंगा बसवलात! काय उपयोग तुमच्या मालकीचा?"

"तुला कळत नाही," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम बारीक झाला. "एक तास ढील दिली की दुसरा जातो. मी मला ओळखतो गं. मला माझीच भीती वाटते."

खरं बोलणाऱ्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

पुढच्या मंगळवारी दहाच्या सुमाराला तो हात धुऊन आला तर टेबलावर एक कागद. वडिलांचं जुनं, टपोरं अक्षर. "माननीय मालक यांस, आपल्याकडील कामगार हा माझा मुलगा असून मंगळवारी व शुक्रवारी अकरा ते बारा या वेळेत मला त्याची गरज आहे. तरी रजा मंजूर व्हावी. आपला विश्वासू, कामगाराचा बाप."

त्याला हसू फुटलं. पण सवय वाईट, हात लाल पेनाकडे गेलाच. दारात वडील भिंतीला धरून उभे होते.

"नामंजूर करायची तर कर," ते म्हणाले. "पण आधी एक ऐक. सहावीत तू धावण्यात पहिला आला होतास. बक्षीस घेताना बघायला या म्हणून आठ दिवस माझ्या मागे होतास. मी सांगितलं, साहेब रजा देत नाही."

"आठवतंय." न आठवून कसं चालेल? त्या साहेबाला त्याने आयुष्यभर शिव्या घातल्या होत्या.

"साहेबाने नाही म्हटलंच नव्हतं. मी अर्जच दिला नव्हता." म्हाताऱ्याने मान खाली घातली. "मशीन थांबेल, माझं नाव जाईल, अशी धास्ती होती मला. साहेब भला माणूस होता रे. उगीच बदनाम केला त्याला."

शिकंज्यात सकाळी खळ लावलेली बारा पुस्तकं दाबून ठेवलेली होती. खळ सुकेपर्यंत, म्हणजे एकपर्यंत, त्यांना हात लावायचा नसतो. दुसरी शिलाई नसली की इतके दिवस या वेळात तो काय करत होता? खुर्चीत बसून शिकंज्याकडे बघत होता, कारण पटावर बसल्याची सही केलेली होती! त्याला स्वतःची लाज वाटली, आणि वडिलांची माया आली. त्याने पेनाला टोपण लावलं.

"टॉवेल कुठे ठेवलेत बाबा?"

जिना उतरायला वीस मिनिटं लागली. एकेका पायरीवर बाइंडरचं डोकं चालू होतं. आठला बसायचं, त्यात सूट नाही, देवाची शपथ. साडेदहाच्या आत खळ लावून पुस्तकं शिकंज्यात घालायची. तिथून पुढे काम शिकंजा करतो, मी नाही. जेवण उरकून पुन्हा टेबलाशी. हे जमेल. का नाही जमणार?

पाणी गार होतं. वडिलांनी आधी त्याचा दंड घट्ट धरला, मग मनगट, मग दोन बोटं. मग तीही सोडली आणि छातीभर पाण्यात एकटे चार पावलं चालून गेले. गुडघा कुरकुरला नाही. वळून त्यांनी तोंडावरचं पाणी पुसलं आणि दात नसलेल्या तोंडाने मोठ्याने हसले. बाइंडर बघतच राहिला. लहानपणी बाप त्याला दिसायचा तो अंधारात निघताना नाहीतर दमून परतताना. कामाच्या दिवशी, सकाळी सव्वाअकराला, भर उजेडात आपला बाप कसा दिसतो, हे त्याने पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच पाहिलं.