बँडवाल्या मीनाबाई

मीनाबाईंचा नवरा हणमंत सोलापुरात ईरप्पाच्या ब्रास बँडमध्ये ढोल वाजवायचा. एका वरातीला बँडचा गायक आलाच नाही, तेव्हा हणमंतानं बायकोला पुढं केलं. पदर सावरत मीनाबाईंनी माईक धरला. पुढं तर लोक बँड ठरवतानाच विचारायला लागले, “बाई येणार न्हवं गायला?”

हणमंत वारला, तेव्हा मुलगी बुद्धप्रिया शाळेत होती. ईरप्पा मूळचा मैंदर्गीचा. बँडचा मालक तोच आणि क्लॅरिनेट वाजवणाराही तोच. तो म्हणाला, “अक्का, तुमी गात ऱ्हावा. पोरगी शिकंल.”

पोरगी शिकली, नर्स झाली. तोवर वराती डीजेकडं वळल्या होत्या. बँडची माणसं गळत गेली, तरी मीनाबाई मिळेल तिथं गात राहिल्या.

बुद्धप्रियाचं लग्न ठरलं तसा ईरप्पा हौसेनं घरी आला. “आपला बँड लावू की, अक्का.”

“न्हाय ईरप्पाण्णा. तिकडच्यांना डीजे पायजे,” मीनाबाई खाली बघत म्हणाल्या.

आदल्याच दिवशी मुलीनं सांगितलं होतं, “आई, तू कारखान्यात आहेस असं सांगितलंय मी सासरी. लग्नात गाऊ नकोस.”

ईरप्पा लग्नाला साध्या कपड्यांत आला, आहेर देऊन निघून गेला. नंतर मीनाबाई बँडकडं फिरकल्याच नाहीत. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कडा शिवायला जाऊ लागल्या. मुलीचा शब्द खोटा पडायला नको.

परवाच्या उन्हाळ्यात ईरप्पा गेला. मीनाबाई मैंदर्गीला गेल्या, तिथं बँडचे उरलेसुरले वादक गणवेश घालून आले होते. ट्रम्पेटवाला धुळाप्पा म्हणाला, “अक्का, म्हणा की एक.”

मीनाबाई अंत्ययात्रेपुढं चालत भजन म्हणू लागल्या. आवाज जाड झाला होता, पण सुरात होता. पहिली ओळ संपली की ईरप्पा तीच क्लॅरिनेटवर घ्यायचा. सवयीनं त्या थांबल्या. कुणीच वाजवलं नाही. त्यांनी दुसरी ओळ उचलली, ती मात्र पुरी झाली नाही.

संध्याकाळी बुद्धप्रियाचा फोन आला. “आई, कुठं होतीस दिवसभर?”

“मैंदर्गीला. ईरप्पाण्णा गेले.”

पलीकडं ती रडायला लागली. “आई, मी तेव्हा तुला...”

“ऱ्हाऊ दे,” मीनाबाई म्हणाल्या. “जेवलीस का?”