खड्डा म्हणायचं काय घ्याल?

माझ्या वहिनींच्या नाकावर कायम दोन गोष्टी असतात, चष्मा आणि राग. त्यातला चष्मा त्या झोपताना काढून ठेवतात.

वहिनी चष्म्यांचं दुकान चालवतात, मूळ त्यांच्या वडिलांचं. दुकान कसलं, एक अरुंद खोली. पुढे फ्रेमांचं काचेचं कपाट, पडद्याआड भिंगं घासायचं यंत्र आणि भिंतीवर खाली खाली बारीक होत जाणारी अक्षरं. एखादं गिऱ्हाईक ती अक्षरं पाठ करून आलं की वहिनी फटकारतात, "वाचा म्हटलं मी, आठवा नाही म्हटलं." माझा थोरला भाऊ याच दुकानात नंबर चुकल्याची तक्रार घेऊन पुन्हा पुन्हा जायचा. नंबर बरोबर होता. शेवटी वहिनींनीच विचारलं, "तुम्हाला नक्की काय दिसत नाहीये?" त्यानंतर दोघांचं लग्न झालं.

लोकांना चाळिशी विकता विकता वहिनींची स्वतःचीही चाळिशी उलटली, गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा मी त्यांना आमच्या ट्रायथलॉन क्लबात ओढलं. पोहायचं, लगेच सायकल मारायची, लगेच धावायचं. भाऊ म्हणाला, "अगं, एकेक करून दमायला काय हरकत आहे?" पण वहिनींनी ऐकलं नाही. पहिल्याच स्पर्धेत त्या शेवटच्या आल्या. शेवटचं येण्याचं त्यांना काही वाटलं नाही. पण त्या पोचल्या तेव्हा आयोजक शेवटच्या रेषेवरची कमान गुंडाळत होते. "संपलं हो ताई," कुणीतरी म्हणालं. वहिनींनी ती कमान परत उभी करायला लावली, तिच्याखालून धावत गेल्या आणि म्हणाल्या, "हं, आता गुंडाळा."

तेव्हापासून क्लबाच्या सायकल राइडला त्या मुद्दाम सगळ्यांच्या मागे राहतात. मागे कुणी उरता कामा नये, एवढाच त्यांचा हट्ट. पुढचे शहाणे त्यांना 'शेपूट' म्हणतात. वहिनींना ते माहीत आहे.

आमच्या खेळात एक गोम आहे. स्पर्धेत प्रत्येकाने सायकल एकट्याने चालवायची, दुसऱ्याच्या मागे लपून वारा चुकवायचा नाही. त्यामुळे आमच्या लोकांच्या मांड्या घोड्याच्या आणि गटात चालवायची अक्कल शून्य. त्यातून हँडलच्या पुढे ते दोन दांडे. त्यांवर कोपरं टेकायची, अंग आडवं करायचं, म्हणजे वारा कमी लागतो. एकटं असताना ठीक आहे. पण कोपरं टेकली की हात ब्रेकपासून लांब जातात, आणि गटात पुढच्या-मागच्या चाकांत जेमतेम हातभर अंतर असतं. गटात कोपरं टेकणं ही चूक फक्त आमच्यासारखेच करू शकतात. दूधवाला करणार नाही, शाळकरी पोर करणार नाही.

म्हणून वहिनींनी शनिवारी दुपारी शिकवणी सुरू केली. एका बंद गोदामाचं सिमेंटचं आवार, आणि हातात खडू. एका हाताने सायकल चालवा. मागे वळून बघा, पण सायकल रेघेवरून हलता कामा नये. आणि मुख्य म्हणजे ओरडा. पुढच्याला खड्डा दिसला की त्याने बोट दाखवून 'खड्डा!' म्हणायचं, त्याच्या मागच्याने तेच म्हणायचं, असं करत शब्द शेपटापर्यंत पोचला पाहिजे.

"मागच्याला फक्त तुमची पाठ दिसते," वहिनी सांगायच्या. "तुमचं तोंड हाच त्याचा चष्मा."

या शिकवणीला सगळ्यात नेमाने येणारी म्हणजे आमची भूगोलबाई. शाळेत भूगोल शिकवायची, म्हणून हे नाव. चालवायची बरी, पण ओरडायला लाजायची. 'खड्डा' असं म्हणायची की जणू गुपित सांगतेय.

"वर्गात ओरडता ना, बाई?" वहिनींनी विचारलं.

"वर्गातली मुलं माझ्यावर हसत नाहीत हो."

"इथे कोण हसतं ते मला दाखवा."

त्यानंतर कुणी हसलं नाही. काही आठवड्यांत बाईंचा आवाज असा सुटला, की गोदामाच्या पत्र्यावरची कबुतरं उडायची.

शिकवणीला कधीही न आलेला माणूस म्हणजे आमचे कॅप्टन. ते दातांचे डॉक्टर. दिवसभर जगाला 'आ करा' म्हणणारा हा माणूस सायकलवर बसला की स्वतःचं तोंड उघडत नाही. "वहिनी, ही बालवाडी तुम्हीच चालवा," असं त्यांनी एकदा सगळ्यांसमोर म्हटलं होतं, आणि सगळ्यांनी दात काढले होते.

एका रविवारच्या राइडला पुलानंतरच्या उतारावर कॅप्टन पुढे होते, कोपरं टेकून. त्यांच्या मागचे दोघेही तसेच, साहेबांची नक्कल. मग भूगोलबाई, मग मी, मग बाकीचे, आणि सगळ्यात शेवटी वहिनी. रस्त्याच्या कडेच्या गटारावरची जाळी गायब होती. कॅप्टननी ती वेळेवर पाहिली आणि सफाईने सायकल काढली. त्यांच्या मागचे दोघेही त्यांच्यामागोमाग निघाले. तोंडातून कुणी एक अक्षर काढलं नाही. बाईंना ते भोक दिसलं तेव्हा चाक त्यात होतं.

आणि पडता पडता ती बाई ओरडली, "खड्डा!"

माझे हात माझ्याआधी वळले. मी ओरडलो, माझ्या मागचा ओरडला, शब्द तोंडातोंडी मागे गेला. दुसरं कुणी पडलं नाही. बाईंचं खांद्याजवळचं हाड मोडलं होतं आणि पुढचे दोन दात डांबरावर पडले होते. वहिनी सायकल टाकून धावत आल्या, त्यांनी बाईंचं डोकं मांडीवर घेतलं. कॅप्टन पुढच्या चौकातून वळून परत आले. पहिलं काम त्यांनी काय केलं? मनगटावरचं घड्याळ थांबवलं. वेगाची सरासरी बिघडू नये म्हणून! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, ती अजून पुरती उतरलेली नाही.

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर बाईंनी विचारलं, "मागचं कुणी पडलं का?" नाही म्हटल्यावर डोळे मिटले. मग हळूच म्हणाल्या, "आता मला काढतील ना हो क्लबातून?"

वहिनी म्हणाल्या, "काढून तर बघू देत."

बैठक पोहण्याच्या तलावावरच्या खोलीत झाली. तिथल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांनाही तलावातल्या औषधाचा वास येतो. कॅप्टन उभे राहिले. आवाज असा मऊ, जणू भुलीचं इंजेक्शन देताहेत.

"बाई वर्षभर शिकवणीला जात होत्या. तरी पडल्या. याचा अर्थ आपण समजून घ्यायला हवा. नवख्यांनी आणि हळू चालवणाऱ्यांनी गटात येऊ नये. शनिवारचा तो प्रकारही थांबवू या. आणि हो, बाईंचे दात मी स्वतः बसवून देणार आहे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या! बाईंचं हाड मोडलं, वर खापरही तिच्याच माथी, आणि हे महाशय दानशूर ठरले. मी उठणार होतो, पण वहिनींनी माझी बाही ओढली.

"बसा भाऊजी." मग त्यांनी मागे चालवणाऱ्या एकेकाला विचारलं, "तुम्ही का नाही पडलात?"

"आवाज आला म्हणून."

"तुम्ही?"

"मलाही आवाज आला."

"भाऊजी, पहिला आवाज कुणाचा होता?"

"बाईंचा," मी म्हणालो. "पडता पडता ओरडल्या."

वहिनी कॅप्टनकडे वळल्या. "डॉक्टर, तिचे दात पडत होते तरी तिने तोंड उघडलं. तुमचे तर बत्तीसच्या बत्तीस शाबूत होते. खड्डा म्हणायचं काय घ्याल?"

डॉक्टरांनी मनगटावरच्या घड्याळात बघितलं. सगळी खोली खाली बघायला लागली. पण निर्णय मात्र बदलला नाही! रविवारी राइड नेहमीसारखीच, नवख्यांनी येऊ नये. खाली बघणाऱ्या माणसांचं हे असंच असतं.

माझी राग गिळायची तयारी झाली होती. रविवारी सकाळी आम्ही चौकात जमलो. वहिनी नेहमीच्या जागी, शेवटी उभ्या. कॅप्टननी शिट्टी मारली आणि निघाले. मी पाय जमिनीवरच ठेवला. शेजाऱ्याने माझ्याकडे बघितलं आणि त्यानेही ठेवला. त्या दिवशी कॅप्टनच्या मागे असलेले ते दोघेही हलले नाहीत. कुणाचं काही ठरलेलं नव्हतं. त्या माणसाच्या चाकामागे जायची कुणाची छातीच होईना.

बरंच पुढे गेल्यावर कॅप्टनना मागचा आवाज थांबल्याचं जाणवलं असावं. त्यांनी वळून बघितलं, आणि बघता बघता त्यांची सायकल चांगली हातभर वाकडी गेली. मागे बघायला ते कधी शिकलेच नव्हते.

पुढच्या शनिवारी ते गोदामाच्या आवारात आले. वहिनींनी शिकवणी बंद केलीच नव्हती. दांडे काढून आले होते. माफीबिफी काही नाही. "वहिनी, बघू तरी काय शिकवता," एवढंच म्हणाले. माझ्या ओठांवर एक शेलकी शिवी आली होती. वहिनींनी खडूने सिमेंटवर एक मोठं वर्तुळ काढलं आणि म्हणाल्या, "हे गटार. पुढे तुम्ही. चला."

कॅप्टन आले, वर्तुळापाशी बोट दाखवलं आणि पुटपुटले, "खड्डा."

"पुन्हा," वहिनी म्हणाल्या.

ते पुन्हा आले. "खड्डा." या वेळी मला ऐकू आलं, मी जवळच होतो. मला वाटलं, झालं. वहिनींनी मात्र मान वळवून आवाराच्या पार टोकाला बघितलं. तिथे हात गळ्यात बांधून, एका स्टुलावर भूगोलबाई बसली होती. तिने अजून दात बसवून घेतले नव्हते. तिचे शब्द फटीतून फुसफुसत आले, पण आवारभर पोचले.

"डॉक्टर, मागे ऐकू आलं नाही."