चेअरमन आणि अमेरिकेचं स्थळ

माणसाची खरी पारख त्याच्या हाती सत्ता आल्यावर होते. आमच्या चेअरमनच्या हाती आलेली सत्ता म्हणजे उत्तर इंग्लंडमधल्या एका लहान गावाच्या फुटबॉल क्लबचा एक शेअर. एक म्हणजे एकच. क्लब सभासदांच्या मालकीचा, आणि तिकडच्या फुटबॉलच्या उतरंडीत इतका तळाला की त्याच्याखाली बहुधा शाळांचेच संघ असावेत. सिंगापुरात मरीन परेडला राहणाऱ्या आणि तांजोंग पगारला इतरांचे हिशेब तपासणाऱ्या दिघ्यांना आम्ही चेअरमन म्हणू लागलो ते या शेअरमुळे. त्यांनी त्या नावाला कधी हरकत घेतली नाही.

ऑफिसच्या कामाने इंग्लंडला गेले असताना पुढची गाडी रद्द झाली आणि हे त्या गावात अडकले. थंडीने कुडकुडत मैदानाच्या कॅन्टीनमध्ये शिरले, तर तिथल्या बाईंनी काही न विचारता चहा पुढे ठेवला. "माणसं आपली वाटली हो," ते सांगायचे. एवढ्यावर त्यांनी शेअर घेतला. तेव्हापासून त्यांच्या बोलण्यात क्लबसाठी 'आम्ही' असायचं. सोमवारी लिफ्टमध्ये भेटले की चेहरा पाडून म्हणायचे, "शनिवारी आम्ही फार वाईट हरलो." नव्या शेजाऱ्यांना वाटायचं, कोर्टकचेरी चालू आहे.

घरात या पदाची फारशी बूज नव्हती. त्यांची लेक रेवा सिंगापुरी इंग्रजीत म्हणायची, "बाबा, यू ओन वन ब्रिक ओन्ली, लाह." त्यावर चेअरमन शांतपणे सांगायचे, "एक वीट तर एक वीट. काढून बघ, मग कळेल."

खरी गोष्ट अशी की या गृहस्थांना कोणी काही विचारत नसे. ऑफिसच्या बैठकीत त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान साहेब "दिघे, काही सांगायचंय?" असं विचारायचा, पण सगळ्यांचे लॅपटॉप मिटल्यावर. गणेशोत्सवाच्या समितीत ते होते, पण आरत्या कुठल्या म्हणायच्या हे त्यांना आरती सुरू झाल्यावर कळायचं. घरी पडद्यांचा रंग पडदे लागल्यावर समजला. निवृत्ती तोंडावर आली होती, आणि आपल्या मताने जगात एकही गोष्ट ठरलेली नाही हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

अशात क्लबची ई-मेल आली. संघ खालच्या गटात घसरण्याच्या बेतात आहे, बचाव पार ढासळला आहे, एका अमेरिकन बचावपटूला घेण्याचा विचार चालू आहे. सभासदांनी आपलं मत कळवावं. हॉकर सेंटरमध्ये नूडल्स गार होत होत्या आणि चेअरमन मला ती मेल दुसऱ्यांदा वाचून दाखवत होते.

"मत मागितलंय. माझं."

"सगळ्याच सभासदांचं मागितलंय, दिघे."

"मग त्यात मी आलो ना?"

सोबत त्या मुलाच्या खेळाचा व्हिडिओ होता. चेअरमननी तो थोडा पाहिला आणि फोन पालथा ठेवला. "दाखवायच्या कार्यक्रमात सगळेच नीट बसतात. घर बघायला हवं."

मला वाटलं, गंमत करताहेत. पण त्यांनी त्याच संध्याकाळी ओहायोतल्या मेहुण्याला, श्रीकांतला, फोन लावला. मुलाचं घर त्याच्या गावापासून दोन तासांवर होतं. श्रीकांतने आधी टाळायचा प्रयत्न केला, पण जावयाचा शब्द मोडायचा कसा? वहिनी मात्र स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अहो, त्या पोराला खेळायला घेताय की रेवासाठी बघताय?"

"चौकशी दोन्हीकडे सारखीच असते," चेअरमन म्हणाले.

श्रीकांत चिवड्याचा डबा घेऊन जाऊन आला. दार त्या मुलाच्या आईने उघडलं. इंग्लंडच्या क्लबने आपल्या घरी माणूस पाठवला, हे ऐकून ती बाई गहिवरली. तिने लहानपणापासूनचे सगळे फोटो काढले. श्रीकांतचा अहवाल फोनवर आला तेव्हा मी चेअरमनकडेच होतो. माणसं चांगली आहेत. वडील नाहीत. मुलगा निर्व्यसनी, उंच, गुडघे ठीक. आजोळ आयर्लंडचं, त्यामुळे मायलेक दोघांचीही आयरिश पासपोर्टवर इंग्लंडला राहायची सोय आहे. "पण भाऊजी, एक आहे. पोरगं आईला सोडून राहणारं नाही."

चेअरमननी डोळे मिटले. मग क्लबला कळवलं : मुलगा घ्यावा, घराणं सरळ आहे, मात्र आईची राहण्याची व्यवस्था करावी, नाहीतर तो टिकणार नाही.

मी मनात म्हटलं, संपलं. पण क्लबच्या व्यवस्थापकाने स्वतः उत्तर दिलं. बाकीचे सभासद त्याच्या हेडरबद्दल आणि वेगाबद्दल लिहीत होते. उपयोगाचं एवढं एकच पत्र आलं होतं. मुलाला दुसऱ्या एका मोठ्या क्लबचंही बोलावणं होतं, पण त्या क्लबने घरी कोणाला पाठवलं नाही, यावर आई अडून बसली होती. सही झाली. मैदानामागच्या इमारतीत आईसाठी खोली देण्यात आली.

चेअरमननी कॉन्डोच्या फंक्शन रूममध्ये श्रीखंड-पुरीचं जेवण दिलं. रेवासुद्धा फोन बाजूला ठेवून सगळी हकीकत ऐकत होती. ऑफिसातल्या त्या साहेबालाही त्यांनी आमंत्रण दिलं होतं. तो आला, तीनदा श्रीखंड घेतलं आणि हे जेवण कशाबद्दल आहे हे विचारायचं राहून गेलं. चेअरमन त्या दिवशी कोणावर रागावणाऱ्यातले नव्हते.

वर्षअखेरीला ते निवृत्त होऊन पुण्याला परतले. मी चांगी विमानतळावर सोडायला गेलो होतो. वहिनी बॅगा मोजत होत्या. चेअरमननी माझा हात धरला. मग म्हणाले, "एक सांगू? एक तरी गोष्ट माझ्या शब्दावर झाली. माणसाला तेवढं पुरतं हो." एका दूरच्या गावाच्या संस्थेची घडी आपल्या माणसाने बसवली, असं मला त्या क्षणी खरंच वाटलं.

मुलाला तिथली ओली थंडी मानवली नाही. मोसम संपायच्या आत तो ओहायोला निघून गेला. आई मात्र मैदानामागच्या त्या खोलीतच आहे.