खोड आणि खोट

कल्याणच्या आसपासच्या खेड्यांतील शाळा तपासण्याचे काम माझ्याकडे आले, त्या वर्षी मला घोडे घेणे भाग पडले. आगगाडी होती खरी, पण शाळा रुळांपासून दूर होत्या. स्टेशनाजवळ घोड्यांच्या एका व्यापाऱ्याचा तबेला होता. त्याने मला एक तांबडी घोडी दाखवली, खाडीकाठच्या ओल्या रेतीवरून दोनदा दौडवून आणली आणि म्हणाला, "पंतोजी, हिच्यात एक खोड नाही. लहान लेकराला बसवा."

मी माझ्या रीतीने परीक्षा घेतली. ती चावत नव्हती, लाथ मारत नव्हती, पालापाचोळा उडाला तरी बुजत नव्हती. मी घोडी घरी आणली.

तिसऱ्या आठवड्यात खडीच्या रस्त्यावर ती लंगडू लागली. मी ठाण्याहून एका म्हाताऱ्या सालोत्र्याला बोलावले. त्याने आयुष्यभर रिसाल्यातील घोड्यांना औषधपाणी केले होते. त्याने खूर उचलून त्यावरच्या आडव्या वळ्यांवरून बोट फिरवले.

"ही कडी पाहिलीत? रोग जुना आहे. खुराच्या आत आग आहे, ती आता विझायची नाही. मऊ रेतीवर ही कधीच लंगडणार नाही, म्हणून तर रेतीवर दाखवली."

मी तसाच तबेल्यात गेलो. तेथे पाचसहा माणसे बसली होती. व्यापाऱ्याने माझे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घेतले, पानाची पिंक टाकली आणि म्हणाला, "खोड नाही म्हटलं मी. आहे का खोड? चावली? लाथ मारली?"

"रोग लपवलात तुम्ही."

"ती खोट झाली, पंतोजी. खोट नाही असं मी कधी म्हटलं? खोड म्हणजे वाईट सवय, खोट म्हणजे व्यंग. पोरांना शिकवता की नाही?"

सगळे हसले. हसणाऱ्यांत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा बापही होता. व्यापाऱ्याने सांगितलेला भेद अचूक होता, आणि तेच मला सहन झाले नाही.

मग मी त्याचा पाठच केला. ज्या शाळेत जाई तेथे फळ्यावर दोन शब्द लिही आणि मुलांकडून वाक्य घोकून घेई: 'व्यापाऱ्याच्या घोडीत खोड नव्हती, खोट होती.' मुलांनी ते पाटीवर घरी नेले. गावोगावचे लोक मला विचारू लागले, कोणता व्यापारी, कोणती घोडी? कोणती ते मी दाखवीत असे. दर बाजारच्या दिवशी सकाळी घोडीचा लगाम धरून मी पायी तिला तबेल्यासमोरच्या खडीवरून नेई आणि तसाच परत आणी. तिच्यावर बसणे केव्हाच सुटले होते. मी खेड्यांना बैलगाडीने जात होतो. ती प्रत्येक पाऊल टाकण्यापूर्वी थांबे, मान खाली घाली, मग टाकी. जितके हळू चाले तितके लोक अधिक वेळ पाहत. चार महिन्यांत त्याच्या दारातले गिऱ्हाईक आटले. मला सुख झाले. हे मी लपवीत नाही.

सालोत्री दुसऱ्यांदा आला तेव्हा मी त्याला विचारले, हिला निरोप देण्याची वेळ कशी ओळखावी? मला वाटले, तो म्हणेल, चंदी खाणे सोडील तेव्हा. ती चंदी खात होती, म्हणून मी निश्चिंत होतो.

"खाणं शेवटी सुटतं," तो म्हणाला. "लोळणं आधी सुटतं. पाठ कितीही खाजली तरी जनावर खाली पडत नाही, कारण परत उठायचं भय. लोळणं थांबल्यावर जनावर ठेवलंत, तर ते तुमच्यासाठी ठेवलंत. माझ्याकडे बंदूक आहे. निरोप धाडा."

ती परसात ज्या धुळीत लोळत असे, ती जागा मी पाहिली. तेथे वीतभर हरळी उगवली होती.

तरीही मी निरोप धाडला असता की नाही, सांगता येत नाही. पण त्याच संध्याकाळी व्यापारी स्वतः माझ्या ओसरीवर आला. बसला नाही. "पंतोजी, चुकलो. आता सोडवा तिला. आणि मलाही."

त्याने मागितले आणि माझा हात आखडला. घोडी गेली तर बाजारात दाखवायला माझ्याजवळ काय उरणार? मी म्हणालो, "विचार करून सांगतो." विचार करायला काही नव्हते. मी आठ दिवस घालवले, आणि मधल्या बाजारी तिला पुन्हा खडीवरून नेले. त्या दिवशी ती तबेल्यासमोर थांबली ती पुढे जाईना. मी लगाम ओढला.

घरी आल्यावर पत्नीने तिच्या खुरांवर पाणी ओतता ओतता विचारले, "त्यानं मागितलं म्हणूनच देत नाही ना तुम्ही?"

मी लगाम खुंटीला अडकवला.

"मग हिनं कसं मागावं, तेवढं शिकवा. तुम्ही मास्तर आहात."

दुसऱ्याच दिवशी मी ठाण्याला माणूस पाठवला. सालोत्री दुपारच्या गाडीने आला. घोडीला गावाबाहेर नेण्याचे त्याने सुचवले, पण मी तिला आणखी चालवणार नव्हतो. परसातच, हरळीवर, मी तिचे डोके धरून उभा राहिलो. त्याने सांगितले तेव्हा बाजूला झालो.

बातमी तासाभरात स्टेशनापर्यंत गेली. संध्याकाळी व्यापाऱ्याकडून नारळ आला, पंतोजींनी आपल्या शब्दाला मान दिला म्हणून. त्याच्या शब्दाला! नारळ त्याच्या दारात आपटावा आणि भर तबेल्यात सांगावे की तुझ्यासाठी मी नालेचा एक खिळाही सैल केला नसता, असे माझ्या मनात आले. मी पायांत वहाणाही घातल्या. पण ते सांगायला गेलो असतो, तर आणखी एकदा त्या घोडीला त्याच्या दारातून नेल्यासारखे झाले असते. मी वहाणा काढल्या. तो माणूस अखेरपर्यंत त्या समजुतीतच राहिला, आणि माझ्या हातून याहून जड काम कधी झाले नाही.