चिखलातून नेलेलं पाऊल

माझा थोरला भाऊ मेंढरांमागं चालायचा आणि मी साखर कारखान्यात उसाच्या वजनकाट्यावर कामाला होतो. तरी पायांबद्दलची अक्कल घरात आपल्यालाच, असा माझा समज होता.

त्या साली दादाचा उजवा तळपाय सपाट बसला. आतल्या घोट्याखाली कळ यायची. दिवाळी झाली की मेंढरं कोकणाकडं निघत. तोवर पायानं साथ दिली नाही तर कळप चुलतभावाच्या हाती द्यायचा, असं वडिलांनी सांगून टाकलं होतं.  दादा तेव्हापासून जेवायचा कमी झाला.

कारखान्याच्या दवाखान्यातला कंपाउंडर म्हणाला, सपाट पायाच्या साहेबलोकांच्या बुटात तळव्याला आधार म्हणून बुचाची गादी घालतात. झालं. बारामतीत पायताणं शिवणारे एक म्हातारे तात्या होते, त्यांना गाठलं. गादी करतो, पण पाय आणा, असं ते म्हणाले. दादा कळप सोडून येईना. मग मी अक्कल चालवली: पाय येत नाही तर पाऊल नेऊ. मेंढवाड्याजवळच्या चिखलात दादाचं उजवं पाऊल छान उमटून वाळलं होतं. ते मातीसकट खणून पाटीत ठेवलं आणि मांडीवर घेऊन बैलगाडीत बसलो. गाडीतल्या एका म्हातारीनं कुठल्याशा देवाचं समजून हात जोडले. मीही गंभीर तोंड करून बसलो.

तात्यांनी ठसा निरखला. "ह्ये उभ्यानं उठवलंय, का चालताना?"

"पाऊल ते पाऊल, तात्या," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडं एकदा पाहिलं आणि ठशाबरहुकूम गादी करून पायताणात बसवून दिली.

दादा ती घालून दोन पावलं चालला आणि हसला. रोज संध्याकाळी मी विचारायचो, रोज तो म्हणायचा, बरं हाय. इकडं मी आमच्या सणसर गावभर वैद्यकी मिरवत होतो. पंधरा दिवसांत त्याचा घोटा एवढा सुजला की पाय टेकवेना. तेव्हा त्यालाच गाडीत घालून नेला. तात्यांनी त्याला उभं केलं, चार पावलं चालवलं आणि मला बाजूला घेऊन समजावलं. आत दुखतं म्हणून दादा भार बाहेरच्या कडेवर टाकत होता. मी पाटीतून नेलं होतं ते त्याचं लंगडणं, आणि गादीनं तेच पायाखाली पक्कं केलं होतं.

परतताना दादाला विचारलं, दुखत होतं तर बोलला का नाहीस?

"तू येवढं मांडीवर घिऊन ग्येलतास," तो म्हणाला. "म्हनलं, शिकंल पाय हळूहळू."

तात्यांनी त्याला उभं करून नवी गादी केली. सूज उतरली, घरापासून ओढ्यापर्यंत जाता येऊ लागलं. पण कोकणची वाट ओढ्यापर्यंत नसते.

दिवाळीनंतर कळप निघाला. कुठली मेंढी गाभण, कुठली पाण्याला बिचकते, हे दादा चुलतभावाला सांगत होता. सांगून संपलं, तरी पुन्हा पहिल्यापासून सांगू लागला. चुलतभाऊ मान डोलवत मागं मागं सरकत होता, कारण मेंढरं पुढं गेली होती.

धुळीकडं बघतच दादानं मला विचारलं, "तुमच्यात बसून करायचं काम हाय का रं?"

बघतो, मी म्हणालो.

"सायबाला सांग, मोजदाद चांगली येती मला."