डोंगरातल्या घरांचा वाटा

उलव्यात आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक शिक्षिका राहतात. प्रत्येक वाक्य 'काय आहे की'ने सुरू करतात आणि फळ्यावर लिहावं तसं बोटानं हवेत लिहून समजावतात. यंदा त्यांना जनगणनेची ड्यूटी लागली. शाळा सुटली की त्या बिल्डिंगमागून बिल्डिंग चढायच्या. वॉचमनच्या खोलीतलं तान्हं बाळही नोंदवायचं सोडायच्या नाहीत.

एका रविवारी त्या आमच्याकडे चहाला बसल्या असताना साताऱ्याकडच्या गावाहून त्यांच्या दिरांचा फोन आला. ते तिथले सरपंच. बाईंनी फोन स्पीकरवर टाकला.

"वहिनी, तुमची चौघांची नावं गावाकडंच धरा. डोकी कमी झाली की निधी कमी येतोय."

"काय आहे की भावजी, पाणी आम्ही इथलं पितो, पोरं इथल्या शाळेत जातात. गावात कसं लिहू?"

हे बोलताना बाईंचा चेहरा उतरला. मग त्या म्हणाल्या, "पण डोंगरात दहा घरांना पाणी न्यायला इथल्या शंभर घरांएवढी पाइपलाइन लागते. नुसती डोकी मोजून वाटा ठरवू नका, असा सरकारला अर्ज करू. मी लिहिते."

"लिहा," दीर म्हणाले.

त्यांनी आमच्याच जेवणाच्या टेबलावर दोन पानं लिहिली. मोठ्यानं वाचून दाखवताना त्या खुशीत होत्या. सहीसाठी मी पेन पुढे केलं, तर त्यांनी हात मागे घेतला.

"सही सासूबाईंची घेऊ. त्या तिथं राहतात."