कयाकसाठी जबाबदार पुरुष

त्या हिवाळ्यात मला एकच प्रश्न इतक्या जणांनी विचारला, की शेवटी तो ऐकला की माझ्या कानशिलात ठणका लागायचा. "सोबत कोण आहे?"

मी सांगायची, "सिस्टर आहेत."

"ते झालं हो. पण सोबत कोण?"

सिस्टर म्हणजे आमच्या भागातल्या आरोग्य उपकेंद्रातली आरोग्यसेविका. सिद्धगडाच्या पायथ्याच्या वाडीत वाढलेली, बेचाळीस वर्षांची. भर पावसाळ्यात ओढ्याला कमरेइतकं पाणी असताना लसींचा डबा डोक्यावर धरून पलीकडे जाते. तेव्हा तिला कोणी विचारत नाही सोबत कोण आहे म्हणून. मी मुरबाड तालुक्यातल्या एका शाळेत शिक्षिका आहे, वय सत्तेचाळीस. दोघी मिळून कोणाच्या मोजदादीत एक माणूसही होत नाही, हे मला कयाकमुळे कळलं.

कयाक म्हणजे लांब, निमुळती, बुटकी होडी. दोन्ही टोकांना पातं असलेल्या वल्ह्याने ती चालवतात. आम्ही दोघींनी एका दिवाळीच्या सुट्टीत रायगडच्या किनाऱ्यावर चार दिवस शिकवणी घेतली, पुढच्या वर्षी पुन्हा घेतली. शिकवणारा म्हणाला होता, उलटलेली कयाक सरळ करून आपली आपण पुन्हा चढता आलं आणि समुद्राचं वेळापत्रक वाचता आलं, तर वाटाड्या लागत नाही. ते वाक्य सिस्टरने पदराला गाठ मारून ठेवावं तसं जपलं. शहापूरकडचं एक रिसॉर्ट बंद पडलं, तिथली दोघांनी बसायची जुनी पिवळी कयाक आम्ही विकत घेतली. सिस्टरच्या भावाच्या टेम्पोतून ती माझ्या पडवीत आली.

बेत साधा होता. एका शनिवारी सकाळी कोळ्यांच्या एका गावातून निघायचं, किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेला दहा किलोमीटर जायचं, एका निर्जन पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, तंबू ठोकायचा, आणि रविवारी परत. मी वर्गात तक्ते करते तसा मोठ्या कागदावर तक्ता केला. अष्टमीच्या आसपासचा शनिवार निवडला, कारण तेव्हा भांगाची भरती असते, पाणी फार चढत नाही आणि फार उतरत नाही. भरती-ओहोटीच्या वेळा लिहिल्या. वाटेत अडचण आली तर कुठे उतरायचं त्या दोन जागा लाल शाईने दाखवल्या. किती लिटर पाणी, कोणत्या पिशवीत काय, रविवारी दुपारी बारापर्यंत आमचा फोन आला नाही तर सिस्टरच्या भावाने कोणाकोणाला कळवायचं, सगळं त्या कागदावर होतं.

त्याआधी सराव हवा होता. आमच्याकडे धरणांना तोटा नाही. त्यातल्या एका धरणाच्या पाण्याखाली सिस्टरच्या आईचं माहेर आहे. घरं, खळी, एक आंब्याचं झाड, सगळं. आम्ही रीतसर अर्ज घेऊन त्या धरणाच्या कार्यालयात गेलो. दर रविवारी सकाळी दोन तास, काठापासून शंभर मीटरच्या आत, लाइफ जॅकेट घालून.

तिथल्या साहेबांनी अर्ज वाचला आणि तोच प्रश्न विचारला. मग म्हणाले, "असं करा, एखाद्या जबाबदार पुरुषाची सही आणा. मिस्टरांची आणा. म्हणजे उद्या काही झालं तर..."

"माझ्या मिस्टरांना पोहता येत नाही," मी म्हणाले.

"तो प्रश्न नाही ना मॅडम."

"मग प्रश्न काय आहे?"

ते हसले. त्या हसण्याने मला जितकं लागलं तितकं नकाराने लागलं नसतं. "तुमच्याच काळजीपोटी सांगतोय," ते म्हणाले आणि अर्ज टेबलावरच्या काचेखाली सरकवला.

तेवढ्यात खिडकीतून गाण्यांचा धडाका ऐकू आला. एका हॉटेलची मोटरबोट पाण्यावरून चालली होती. वर दहा-बारा माणसं उभी राहून नाचत होती, एकाच्याही अंगात लाइफ जॅकेट नव्हतं.

सिस्टर उठून खिडकीशी गेली आणि बोटीकडे बघत म्हणाली, "साहेब, ती बोट जिथं आहे ना, तिच्या खाली माझ्या आजोबांचं खळं हाय. त्या बोटवाल्यांकडं कोनाची सही हाय ते तरी दाखवा."

साहेबांना फोन आला. म्हणजे त्यांनी तो उचलून कानाला लावला. वाजलेला मी ऐकला नाही.

मी नकार लेखी मागितला. लेखी काही मिळणार नाही, असं शिपायाने बाहेर येऊन सांगितलं. तीन आठवडे मी दर शनिवारी शाळा सुटल्यावर तिथे जात होते. चौथ्या आठवड्यात सिस्टर म्हणाली, "ताई, तू त्या दारात म्हातारी होशील. आपल्याला नदी नाय का?"

मग आम्ही वैशाखरे गावाजवळ नदीच्या डोहात सराव केला. थंडीत ते पाणी असं असतं, की उतरल्याबरोबर बोलणं बंद होतं. मुद्दाम कयाक उलटी करायची, पाण्यात पडायचं, ती सरळ करायची, एकीने पलीकडून धरायचं आणि दुसरीने पोट टाकून वर सरकायचं. पहिल्या दिवशी मी अकरा वेळा प्रयत्न केला आणि अकरा वेळा बेडकासारखी मागे पडले. काठावर कपडे धुणाऱ्या बाया हसून हसून बेजार. पण चौथ्या रविवारपासून आम्ही दोघी दोन मिनिटांच्या आत पुन्हा वर बसलेल्या असायचो.

शाळेत बातमी पसरली होतीच. मधल्या सुट्टीत एक सहशिक्षक मला समुद्र समजावून सांगू लागले. त्यांनी समुद्र पाहिला होता तो दोन वेळा, सहलीच्या बसमधून. नवऱ्याच्या बहिणीने फोन करून विचारलं, घरात काही बिनसलंय का. नवरा स्वतः मात्र एवढंच म्हणाला, "मला त्या कागदाची एक प्रत दे. आणि सही कुठे करायची असेल तर मी करणार नाही, तूच कर." त्या सगळ्या महिन्यांत मला बरं वाटलं ते या एका वाक्याने.

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही कोळ्यांच्या गावात पोचलो. ज्या घरी उतरलो होतो, त्या घरचे काका साठी उलटलेले, आयुष्य मासेमारीत गेलेलं. ओटीवर जाळं दुरुस्त करत बसले होते. आम्ही दोघींनी मनाची तयारी केली होती त्या प्रश्नाची. काका म्हणाले, "कागद बगू."

मी तक्ता त्यांच्यासमोर पसरला. हे इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच घडत होतं. नाही म्हणणाऱ्यांपैकी एकानेही तो कागद उलगडून पाहिला नव्हता. काकांनी चष्मा लावून सगळा वाचला, बोट ठेवून. मग विचारलं, "पुळणीवर किती वाजता लागणार?"

"साडेदहा-अकराला," मी म्हणाले.

"बाराला सुकती पुरी, म्हंजे ओहोटी. अकराला तिथं खडप उघडी पडते, या टोकापासून त्या टोकापर्यंत. धारदार कातळ. होडीची साल निघंल नि तुमची बी."

मी मोबाइलवरचं वरून काढलेलं चित्र दाखवलं. तिथे नुसती पांढरी वाळू होती. काकांनी ते डोळ्यांजवळ नेलं. "हा फोटो भरतीचा हाय, ताई."

तीन महिने मी त्या चित्रावर विसंबून होते. आणि दुसरी चूक त्याहून लाजिरवाणी. रविवारी सकाळी नीट जेवूनखाऊन नऊला निघायचं मी लिहिलं होतं. खारे वारे आणि मतलई वारे मी वर्षानुवर्षं मुलांना शिकवते, आकृती काढून. पण परतताना दुपारचा वारा आमच्या तोंडावर येणार, हे माझ्या तक्त्यात कुठेही नव्हतं. "उजाडताना निघा," काका म्हणाले. "आणि उत्तरेचा वारा सकाळीच उठला तर हट्ट करू नका. ही लाल खूण बरी हाय, हितं खाडीच्या तोंडाशी उतरा." पुळणीवर मोठ्या भरतीने आणून टाकलेल्या, वाळलेल्या शेवाळाची नि काटक्यांची रेघ असते, तिच्याही वर दहा पावलं तंबू ठोका, हेही त्यांनी सांगितलं.

त्या रात्री माझा राग शमायला हवा होता. उलट तो वाढला. बेतात खोट होती. जीवावर बेतू शकेल अशी खोट. आणि काळजीपोटी बोलणाऱ्या त्या सगळ्या माणसांना ती सापडली नाही, कारण ती कागदावर होती आणि ते आमच्या अंगावरच्या साड्या बघत होते. मिस्टरांची सही आणली असती, तर साहेबांनी त्या खडपांवर आम्हांला आनंदाने पाठवलं असतं.

शनिवारी उजाडताच निघालो आणि नऊच्या आत पुळणीला लागलो. अकराला पाणी मागे गेलं आणि काळी, करवतीसारखी खडप वर आली. सिस्टरने तिच्याकडे नीट बघून घेतलं आणि भात शिजवायला लागली. संध्याकाळी आम्ही शेवाळाच्या रेघेवर उभं राहून भरती चढताना पाहिली. पाणी रेघेच्या बरंच खाली थांबलं. एवढ्या मोठ्या किनाऱ्यावर आम्हांला काही विचारणारं कोणी नव्हतं, याचंच मला सुख झालं.

रविवारी अंधुक उजेडात, खडप पाण्याखाली असतानाच, आम्ही निघालो. आठच्या सुमाराला उत्तरेचा वारा उठला. आधी वल्ह्याचं पातं थरथरलं, मग लाटांची टोकं पांढरी झाली. दोघी जीव खाऊन वल्हवत होतो आणि किनाऱ्यावरचा तोच माड तिथेच उभा होता.

"ताई, लाल खूण," सिस्टर मागून ओरडली.

"आणखी थोडं बघू या का?"

"नाय. काका काय बोलले? वळ."

वळलो. लाटा बाजूने यायला लागल्यावर एकदा कयाक अशी कलली की माझा कोपर पाण्यात गेला, पण डोहातले रविवार कामाला आले. साडेनऊला खाडीच्या तोंडाशी वाळूला लागलो. भावाला फोन केला, काकांना केला. वारा दुपारपर्यंत पडला नाही. भाऊ टेम्पो घेऊन तिथेच आला आणि सोमवारी सकाळी मी वर्गात, सिस्टर उपकेंद्रात.

सगळं ठरल्याप्रमाणे झालं होतं. कुठे थांबायचं हे ठरलेलं होतं, तिथे थांबलो. पण भावाने कौतुकाने आमचा फोटो मोबाइलच्या स्टेटसवर टाकला होता, आणि तो उचलून तालुक्याच्या बातम्या देणाऱ्या एका ऑनलाइन पानावर मंगळवारी मथळा आला: 'दोन महिलांची समुद्रातून थरारक सुटका'.

सुटका! मी ते पान चालवणाऱ्याला गाठलं, बाजारात, त्याच्या झेरॉक्सच्या दुकानात.

"कोणी केली आमची सुटका?" मी विचारलं.

"मॅडम, सुटका म्हटलं की लोक वाचतात."

"खरं लिहा. वारा वाढला म्हणून आधी ठरवलेल्या जागी उतरल्या, असं लिहा."

"त्यात बातमी काय आहे?"

मी दुकानातून हलले नाही. झेरॉक्सला आलेली माणसं ऐकत उभी राहिली. शेवटी त्याने बातमी बदलली नाही, काढूनच टाकली. तोवर ती जायची तिथे पोचली होती. सहशिक्षक म्हणाले, "बघा, अडकलातच शेवटी." मी त्यांना तक्त्यातली लाल खूण दाखवायला गेले, तर त्यांचा तास होता.

त्याच आठवड्यात लसीकरणाच्या दिवशी मी सिस्टरच्या वाडीत गेले होते, शाळेतल्या दोन मुलांच्या कागदांसाठी. अंगणवाडीच्या ओट्यावर लेकरं मांडीवर घेऊन दहा-बारा बाया बसल्या होत्या. मथळा त्यांच्यापर्यंत गेलेला. मी मनातल्या मनात उत्तरं जुळवू लागले.

एका म्हातारीने विचारलं, "प्यायचं पानी कसं नेलं गो?"

सिस्टरने सांगितलं. मग दुसरीने विचारलं, चूल कशावर मांडली, वाऱ्यात जाळ राहिला का. एकीने हळूच विचारलं, परसाकडं कुठं गेलात, आणि सगळ्या हसल्या, पण उत्तरासाठी थांबल्या. सिस्टर इंजेक्शन भरता भरता एकेक सांगत होती. मग कडेवर तान्हं मूल असलेली एक पोरसवदा बाई म्हणाली, "पानी रातचं कुठवर येनार, ते आधी कसं कळलं?"

सिस्टरने सुई ट्रेमध्ये ठेवली, ओट्यावरून खाली उतरली आणि पायाच्या अंगठ्याने मातीत एक लांब रेघ ओढली.